रविवारी पाणी बदललं की मंगळवारपर्यंत निऑन मरतोय, बाकीचे मासे ठणठणीत. काय चुकतंय?

पाणवठा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथलं नुसतं वाचतोय, आज लिहायची वेळ आली कारण मला खरंच काही कळेनासं झालंय.

पुण्यात राहतो. घरी तीन फुटी टँक आहे, दीड फूट रुंद दीड फूट उंच, वाळू आणि ड्रिफ्टवूड धरून आत पाणी १६० लिटरच्या आसपास असेल. दोन वर्षं झाली. रमीनोज ६, कोरीडोरस ४, एक ब्रिसलनोज प्लेको, एंजलची एक जोडी (आणली तेव्हा नाण्याएवढी होती, आता तळहाताएवढी झालीय) आणि निऑन टेट्रा १६. म्हणजे १६ होते. जुने ६ आणि जानेवारीत आणलेले १०, मार्च संपेपर्यंत त्यातला एकही गेला नव्हता. एप्रिलच्या मध्यापासून जी गळती लागलीय ती थांबतच नाहीये, आज ७ उरलेत. ५ मेलेले सापडले, ४ चा पत्ताच नाही, ना तळाशी ना फिल्टरमध्ये, कपाटामागेसुद्धा बघितलं.

काल एक माझ्यासमोर गेला. संध्याकाळपासून वरच्या कोपऱ्यात फिल्टरच्या धारेखाली एकटाच उभा होता, पंख अंगाला चिकटवलेले, कल्ले इतके भराभर हलत होते की मोजता येईनात. पोटाखालचा लाल रंग फिकट गुलाबी झाला होता पण निळी रेघ मात्र तशीच लखलखत होती. रात्री साडेअकराला तळाशी आडवा.

मुलगी दुसरीतून तिसरीत गेलीय, रोज सकाळी दात घासता घासता निऑन मोजायची तिची सवय. परवापासून मोजायला आलीच नाही, तोंड धुऊन सरळ खाली खेळायला पळते. मी पण विचारलं नाही.

मी स्वच्छता अगदी नेमाने करतो हो. दर रविवारी अर्धं पाणी बदलतो, अँटीक्लोरीन टाकतो, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत धुतो. मासे मरायला लागल्यापासून बुधवारी पण अर्धं बदलतोय. तरीही हे. निऑनच मुळात इतके नाजूक असतात का? दुकानात म्हणाले की असतात, दहा आणले की चार जाणारच, नवीन घेऊन जा. घ्यावेत का?

गप्पीवाला

भाऊ हा निऑन टेट्रा डिसीज वाटतोय, माझ्याकडे झालेला. रंग उडतो आणि एकेक करून जातात. दुकानातून अँटिबायोटिक आणा आणि टँकमध्येच टाका, मीठ पण टाका मूठभर. उशीर करू नका.

कोरीडोरा

औषध टाकायची घाई करू नका प्लीज, निदान झालेलं नाहीये. आणि रंग फिकट दिसला तो दिवसा की लाइट बंद असताना? निऑन रात्री झोपेत रंग उतरवतात, पहाटे दिवा लावला तर अर्धा मिनिट पांढरेच दिसतात, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा रडायचीच बाकी होते.

पाणवठा

संध्याकाळी लाइट चालू असताना. आणि त्याच वेळी बाकीचे सहा-सात लालभडक होते, त्यामुळे फरक कळला.

निवळशंख

पाणवठा, आधी एक करा, नवीन मासे आणू नका. एकही नाही. कशाने गेले ते कळेपर्यंत नवीन आणणं म्हणजे त्याच खड्ड्यात आणखी दहा जीव टाकणं. दुकानदार वाईट हेतूने सांगत नसेल, पण दहातले चार जाणारच हे मला मुळीच मान्य नाही. माझ्याकडे निऑन पाचव्या वर्षात आहेत.

आता गप्पीवाल्यांनी म्हटलेला आजार. तो आहे आणि वाईट आहे, प्लेइस्टोफोरा नावाचा परजीवी स्नायूत शिरतो आणि त्यावर खात्रीचं औषध नाही. पण त्याची चाल वेगळी असते. निळ्या रेघेच्या आसपास आतून दुधाळ पांढरे डाग दिसायला लागतात, अंग गाठाळ होतं, मासा वाकडा पोहतो, हळूहळू कणा वाकतो आणि हे सगळं आठवडेच्या आठवडे चालतं. तुमचा मासा एका संध्याकाळी कल्ले मारत उभा राहिला आणि रात्री गेला. पांढरे डाग नाहीत, वाकडेपणा नाही आणि निळी रेघ शेवटपर्यंत शाबूत. हे मला पाण्याचं दुखणं वाटतंय. कल्ल्यांना त्रास झाला की मासा असाच धारेखाली जाऊन उभा राहतो, तिथे हवा जास्त मिळते म्हणून.

त्यामुळे अँटिबायोटिक अजिबात नको, त्याने फिल्टरमधले उरलेसुरले जिवाणूही जातील. मीठही नको, कोरीडोरसला आणि टेट्रांना ते सोसत नाही.

आता मला हे सांगा. मासे आठवड्यात कुठल्या वारी मरतात ते आठवून बघा. एप्रिलमध्ये तुमच्या सोसायटीचं पाणी बदललं का, म्हणजे टँकर सुरू झाले का, बोअरचं मिसळतात का, वॉचमनला विचारा, त्याला सगळं माहीत असतं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) मिळवा, पाण्याचा आरओ दुरुस्त करायला येतो त्या माणसाकडे असतो. अमोनियाचं (माशांच्या घाणीतून पाण्यात सुटतो तो) थेंबांचं किट आणा, पट्टीवाल्यापेक्षा ते बरं. आणि रमीनोजच्या नाकाकडे बघा. त्यांचं नाक लालभडक नसेल तर पाण्यात काहीतरी बिनसलंय, माझ्या घरात सगळ्यात भरवशाचं मीटर तेच आहे.

सातारकर_एमएच११

निवळशंखताईंनी विचारलंय त्यात एक भर. खोलीत डासांचं मशीन लावता का? किंवा एप्रिलमध्ये पेस्ट कंट्रोल केलंय का? डासांच्या आणि झुरळांच्या बहुतेक औषधांत पायरेथ्रॉइड असतं, माणसाला फारसं काही होत नाही पण माशाला ते विष आहे आणि आपला एअर पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. माझे २० एम्बर टेट्रा एका रात्रीत गेले, खाली जिन्यात फवारणी झाली होती आणि पंप दाराशेजारी होता. पाणी तपासलं तर सगळं अगदी नॉर्मल. तेव्हापासून फवारणीची नोटीस लागली की मी टँकवर ओला पंचा टाकतो, पंप बाल्कनीकडे नेतो, आणि दार बंद.

पाणवठा

ताई, सातारकर, दोघांचे मनापासून आभार. चार दिवस घेतले कारण तुम्ही विचारलेलं सगळं नीट बघायचं होतं.

डासांचं मशीन फक्त बेडरूममध्ये, हॉलमध्ये नाही. पेस्ट कंट्रोल दिवाळीआधी झालं होतं. ते नसावं.

पण वॉचमनकाकांनी डोळे उघडले. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून शनिवारी रात्री टँकर येतात कारण रविवारी सगळे घरी, सगळ्यांची धुणी, पाणी पुरत नाही. सोमवारपासून परत महापालिकेचं. म्हणजे मी रविवारी बदलतोय ते टँकरचं पाणी आणि बुधवारी बदलतोय ते धरणाचं!! शिवाय टँकर आला की काका टाकीत टीसीएल (क्लोरीनची) पावडर टाकतात, अंदाजानेच, एका डब्याने.

मीटर मिळाला. शुक्रवारी नळाला १२०, टँकमध्ये २९०. रविवारी सकाळी नळाला ६४०. मी तीनदा मोजलं, विश्वासच बसेना. या रविवारी पाणी बदललंच नाही. पीएच टँकचा ६.८, टँकरच्या पाण्याचा ८.२. अमोनियाची बाटली पिवळी राहायला हवी म्हणे, आमची हिरवी झाली, रंगाच्या कागदाशी जुळवली तर ०.५ आणि १ च्या मधली. आणि रमीनोज. ताई, त्यांची नाकं फिकट आहेत, आणि मी कित्येक दिवस रोज बघूनही बघितलं नव्हतं.

वार पण आठवले. सापडलेल्या ५ मधले ४ सोमवारी-मंगळवारी आणि १ गुरुवारी.

निवळशंख

मग आता चित्र बरंच स्पष्ट आहे, एकेक करून सांगते.

नुसता टीडीएस ६४० झाला म्हणून निऑन पटकन मरत नाही. पण तुमच्या टँकमध्ये रविवारी २९० चं ४६० होतंय आणि बुधवारी ४६० चं परत २९०. आठवड्यातून दोनदा. माशाचं शरीर दिवसरात्र आतले-बाहेरचे क्षार सांभाळत असतं, मोठा एंजल हा हेलकावा पचवतो, तीन सेंटिमीटरचा निऑन दमतो. तुम्ही काळजीपोटी बुधवारचं पाणी बदलायला लागलात ना, त्याने हेलकावा दुप्पट झाला. मीही पहिल्या वर्षी हेच करायचे, मासा मेला की पाणी बदल, परत मेला की परत बदल.

त्याहून मोठी गोष्ट अमोनियाची. दोन वर्षांच्या चांगल्या चालत्या टँकमध्ये अमोनिया दिसायलाच नको. तो दिसतोय कारण तो खाणारे जिवाणू स्पंजमध्ये राहतात आणि तुम्ही दर रविवारी तो स्पंज क्लोरीनच्या पाण्याखाली पांढरा होईपर्यंत धुताय. मार्चपर्यंत धरणाच्या पाण्यातलं क्लोरीन बेताचं असेल, निभावलं, आता काकांचा डबा पडतोय. स्पंज कधीही टँकमधून काढलेल्या पाण्यातच, बादलीत दोन-तीनदा पिळायचा. तो तपकिरी दिसला पाहिजे. पांढरा स्पंज म्हणजे रिकामा स्पंज.

आणि आता हे दोन्ही जोडून बघा. अमोनिया पाण्यात दोन रूपात असतो, एक फारसं त्रास न देणारं आणि एक विषारी, आणि पीएच एकाने चढला की विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. उन्हाने पाणी तापलं की आणखी वाढतो. ६.८ ला तुमच्या टँकमधला तो अमोनिया मासे कसेबसे सोसत होते. रविवारी अर्धं पाणी ८.२ चं आलं, पीएच चढला, तोच अमोनिया एका तासात विष झाला. म्हणून सोमवार-मंगळवार.

आता काय करायचं. बुधवारचं, म्हणजे महापालिकेचंच पाणी वापरायचं, तेही रोज फक्त १५ लिटर, एक बादली, अँटीक्लोरीन टाकून तासभर ठेवून आणि मगाने हळूहळू ओतून. रविवारी नळाला हात लावायचा नाही, रविवारची बादली शनिवारी दुपारीच भरून ठेवा. स्पंज महिनाभर धुवायचा नाही. खाणं एक दिवसाआड, चिमूटभर. अमोनिया रोज तपासा, तो आधी उतरेल, मग थोडे दिवस नायट्राइट (जिवाणू अमोनियाचं जे करतात ते) चढेल, मग तोही उतरेल. घाबरून एकदम अर्धं पाणी बदलू नका.

टेम्सकाठ

लंडनहून लिहितोय. आमच्याकडचं पाणी चुनखडीतून येतं, केटलमध्ये आठवड्यात पांढरा थर साचतो, मीटरवर साडेतीनशेच्या खाली मी कधी बघितलंच नाही. इथे आल्यावर सगळे म्हणाले की या पाण्यात निऑन विसर, तो अ‍ॅमेझॉनच्या मऊ पाण्यातला मासा. पण दुकानात मिळणारे निऑन बहुतेक फार्मवर वाढलेले असतात, आणि माझे ११ निऑन चौथ्या वर्षात आहेत. पिल्लं नाही देणार या पाण्यात, पण जगतात मजेत. कारण पाणी दर आठवड्याला तेच आहे. त्यामुळे ताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर वाटतं, निऑनला तुमचं टँकरचं पाणी कायमचं दिलं असतं तरी एकवेळ चाललं असतं, हे खालीवर नको होतं.

गप्पीवाला

ताई माझ्याही लक्षात आलं, माझ्या माशांना तो आजार नसावाच बहुतेक तेव्हा. मीठ टाकल्यावर कोरीडोरस गेले होते सगळे. पाणवठा भाऊ, बरं झालं थांबलात. पण मग ते गायब झालेले ४? एंजलनेच खाल्ले ना?

निवळशंख

तो प्रश्न राहिलाच. गायब म्हणजे खाल्लाच असं नाही हो. मेलेला निऑन तळाशी पडला तर कोरीडोरस, प्लेको आणि गोगलगायी रात्रीत त्याचं सकाळपर्यंत काही ठेवत नाहीत, फार तर काट्याचा धागा. फिल्टरच्या तोंडाला चिकटलेला सापडला तरी फिल्टरने मारला असं नसतं, धडधाकट मासा त्या ओढीतून सहज सुटतो, चिकटतो तो आधीच गळालेला. पण एंजल तळहाताएवढे असतील तर मलाही त्यांच्यावर संशय आहे. लहानपणापासून एकत्र वाढले म्हणून खाणार नाहीत असं काही नसतं, तोंडात मावलं की ते अन्न. निऑन अंधारात जवळजवळ निश्चल असतात आणि एंजल झुंजुमुंजू झालं की हिंडायला लागतात. एक दिवस पहाटे साडेपाचला लाइट न लावता खुर्ची टाकून बसा.

सातारकर_एमएच११

पाण्याबद्दल अजून एक. कुणीतरी सुचवेलच म्हणून आधीच सांगतो, एसीचं पाणी वापरू नका, मऊ असतं पण तांब्याच्या कॉइलवरून येतं, कोळंबी आणि छोटे मासे दोघांनाही धोका. आरओचं चालेल, नळाच्या पाण्यात मिसळून, मीटर लावून एकाच आकड्यावर आणायचं. फक्त त्यात भरपूर पाणी वाया जातं आणि मे महिन्यात ते जिवावर येतं, मी ते सगळं फरशी पुसायला आणि झाडांना वापरतो. झाडांना रोज नाही, त्यात क्षार जास्त असतात.

आणि पुढेमागे दर उन्हाळ्यात हेच होणार असेल तर झेब्रा डॅनिओचा विचार करा. आपल्या देशातल्या ओढ्या-नदीतला मासा, जड पाणी, थंडी, ऊन सगळं काढतो. निऑनसारखा चमकत नाही हे खरं, पण आठ-दहांचा थवा सकाळच्या उन्हात टँकभर धावतो तेव्हा मी चहा घेऊन तिथेच उभा असतो.

पाणवठा

अपडेट द्यायला तीन आठवडे लागले. पाऊस सुरू झालाय इकडे.

पहिल्याच आठवड्यात अजून एक गेला, मग थांबलं. आज ६ आहेत. अमोनिया दहाव्या दिवशी पिवळा झाला, मग ताई म्हणाल्या तसं नायट्राइटचं किट गुलाबी-जांभळं व्हायला लागलं, तेव्हा मात्र पोटात गोळा आला होता, पण रोजची एक बादली सोडून काहीही केलं नाही. आता चार दिवस दोन्ही शून्य. टीडीएस १८० ला आलाय आणि तिथेच आहे. रमीनोजची नाकं परत कुंकवासारखी झालीत. मुलीला मीटर दिलाय, बादलीत बुडवून आकडा ती वहीत लिहिते, मी ओतायच्या आधी तिची परवानगी लागते.

एंजलचं. तीन दिवस पहाटे बसलो, दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी सहाच्या थोडं आधी मोठा एंजल ड्रिफ्टवूडच्या आडून अगदी सावकाश तिरका होत होत खाली आला, निऑन वाळूपासून बोटभर वर नुसते तरंगत होते, आणि त्याने अंग ताणून एकदम झेप घेतली. निऑन वाचला, फुटल्यासारखे सगळे सहा दिशांना गेले. मी लाइट लावला. त्याच रविवारी जोडी मित्राच्या पाच फुटी टँकमध्ये नेऊन सोडली, तिथे सगळे मोठेच मासे आहेत. त्याचा राग नाही आला मला, त्याचं पोट आहे, चूक माझी की मी त्यांना एकत्र ठेवलं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये टीसीएलचं मोजमाप ठरवा असं मांडलं. माशांसाठी म्हणून नाही, आपण पण तेच पितो. मोजायचं माप आणलंय आता.

ताई, निऑन ६ आहेत, त्यांना सोबत हवी ना? कधी आणू?

निवळशंख

एंजल दिलेत ते फार बरं केलंत.

सोबत हवीच, सहा म्हणजे अगदी काठावर, दहा-बारा झाले की ते खरे मोकळे पोहतील. पण जुलै जाऊ दे. पहिल्या पावसात धरणाच्या पाण्याला गाळ येतो आणि क्लोरीन वाढवतात, ते स्थिरावू दे, तुमची दोन्ही किटं सलग चार आठवडे शून्य दाखवू देत. मग एकदम सहाच आणा, आणि दुकानात त्या टाकीत एकही मेलेला किंवा फिकट नसेल तरच, आणि मासे येऊन आठवडा झालेला असेल असेच. घरी आणल्यावर सरळ मोठ्या टँकमध्ये नाही. वीस लिटरचा साधा प्लास्टिकचा टब, त्यात मोठ्या टँकमध्ये महिनाभर ठेवलेला स्पंज फिल्टर, आणि तीन आठवडे वेगळे. तो स्पंज आजच टाकून ठेवा म्हणजे तोवर तयार होईल. पिशवी तासन्‌तास उघडी ठेवून थेंब थेंब पाणी सोडत बसू नका, लांबून आलेल्या पिशवीत अमोनिया साचलेला असतो आणि ती उघडली की आतला पीएच चढतो, म्हणजे परत तीच गोष्ट. अर्धा तास टबात तरंगू दे, मग उघडून दहा-पंधरा मिनिटांत तीन-चार वेळा कपभर पाणी, मग जाळीने मासे टबात आणि पिशवीतलं पाणी मोरीत.

कोरीडोरा

पाणवठा, मीटर कुठला घेतला शेवटी? आमच्याकडे पण टँकर सुरूच आहेत अजून.

पाणवठा

पेनासारखा साधाच आहे, आरओवाल्याने दिला, तीनशे रुपये घेतले. एवढंच की बुडवल्यावर हलकेच ठोकून बुडबुडा काढा नाहीतर आकडा कमी दाखवतो, आणि वापरून झाल्यावर टोक आरओच्या पाण्यात धुऊन कोरडं करून टोपण लावा. टँकर ज्या दिवशी येतो त्याच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी असं दोन्ही वेळा मोजा.